छत्री परत द्यायला तुम्हीच जा

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावातून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका असं त्यांनी कळवलंय, म्हणून ते गाळून पत्राचा मुख्य भाग देते.

"ताई, आमच्या देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी चार ते सहा आम्ही बारा-चौदा जण जमतो. तीन वर्षं झाली. समाज, स्वातंत्र्य, नीती अशा विषयांवर सगळ्यांनी बोलायचं, भाषण कुणी ठोकायचं नाही, असं ठरवून सुरू केलं. निवृत्त गुरुजी आहेत, दोन-तीन बागायतदार, एक तरुण वकील, कॉलेजातली मुलं आणि आम्ही तिघी बायका. चहा-भजी आम्ही तिघी बघतो. 'कायदा पाळणं आणि नीतीनं वागणं एकच का', 'खोटं बोलणं कधी क्षम्य', असे विषय छान रंगले. जुलैत विषय होता, 'गावची जमीन बाहेरच्याला विकणं नैतिक आहे का?' बोलता बोलता वकील म्हणाला, 'जमीन विकणारे गावाचे गुन्हेगार आहेत.' आमच्यातल्याच एका काकांनी गेल्या वर्षी आपली भरड जमीन दिल्लीच्या माणसाला विकलीय. सगळ्यांना ठाऊक होतं, वकिलालाही. काका एक शब्द बोलले नाहीत. उठले आणि भर पावसात घरी गेले. छत्री कोपऱ्यातच राहिली, ती अजून माझ्याकडे आहे. ऑगस्टमध्ये सहाच जण आले. गुरुजी म्हणतात, राजकारण आणि गावचे विषय बंद करा, शुद्ध तत्त्वज्ञान घ्या, नाहीतर मी येणार नाही. मुलं म्हणतात, तसं केलंत तर आम्ही येणार नाही. शिवाय बोलणं मराठीतूनच व्हावं असा गुरुजींचा आग्रह, आणि मुलं कोकणीतून बोलतात. मी नुसती निमंत्रक. माझं मत मी आजवर कधी मांडलं नाही. काय करू? राजकारण बंद करू की बैठकच बंद करू?"

बाई,

बैठकीचं काय करायचं ते बघू. आधी ती छत्री.

छत्री घेऊन काकांच्या घरी जा. चवथ तोंडावर आली आहे, तेव्हा येणं-जाणं होईलच, त्या निमित्तानं बोलू, असं तुमच्या मनात येईल. तोवर थांबू नका. चवथीला घर भरलेलं असतं, कुणीतरी नेवऱ्यांचं ताट पुढे करतं, आरत्या सुरू होतात आणि जे बोलायला गेलो तेवढं सोडून बाकी सगळं बोलणं होतं. एखाद्या साध्या दिवशी दिवेलागणीच्या आधी जा. एकट्या जा. वकिलाला नेऊ नका, गुरुजींनाही नको. आणि "पुढच्या रविवारी नक्की या" असं म्हणू नका, कारण मग तुम्ही त्यांच्यासाठी आलात की बैठकीचं अडलंय म्हणून आलात, हे त्यांना कळायचं नाही. एवढंच सांगा की सगळ्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं आणि त्या क्षणी मी निमंत्रक असून गप्प राहिले, ते माझं चुकलं. "कुणी दुखावलं गेलं असेल तर" अशी माफी मागू नका. कोण दुखावलं ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यांची छत्री तुमच्या हातात आहे.

मग गप्प बसा. काका बोलले तर ऐका. जमीन का विकली हे मात्र विचारू नका. आजारपण होतं, मुलीचं शिक्षण होतं, कर्ज होतं असं काही निघालं तर तुमचं मन हलकं होईल, 'बिचाऱ्यांचा नाइलाज होता' म्हणता येईल. पण समजा तसं काहीच नव्हतं, चांगला भाव आला म्हणून विकली, तर? तरीही त्यांना तुमच्या बैठकीत मानानं बसता आलं पाहिजे. त्यांची अडचण किती मोठी होती यावर त्यांचा मान अवलंबून ठेवू नका.

आता जुलैच्या बैठकीविषयी. विषय चुकीचा होता असं गुरुजींना वाटतंय, मला तसं मुळीच वाटत नाही. गोव्यात आज याहून जिवंत नीतीचा प्रश्न शोधून सापडणार नाही. चुकली ती प्रश्नाची मांडणी. 'नैतिक आहे का' असं विचारलं की उत्तर हो किंवा नाही यांतलंच निघतं, आणि ज्यानं ती गोष्ट केली आहे तो माणूस समोर बसला असेल तर त्या उत्तराचा निकाल होतो. काका चर्चेला आले होते, आणि आपण आरोपी आहोत हे त्यांना बसल्यावर कळलं.

शिवाय 'जमीन' म्हणताना तुमच्यातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळी जमीन असणार. शेत म्हणाल तर शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर 2023च्या कायद्यानं बंधनं घातली आहेत. कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेची, जमीन तर कुणा एकाची नव्हेच. कुळाची जमीन आणखी निराळी. 1964चा कूळ कायदा आणि 1976ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला मालकीपर्यंत आणलं. तुमच्या बैठकीत बसणाऱ्या एखाद्याच्या आजोबांनी हीच जमीन भाटकारासमोर, म्हणजे जमीनदारासमोर, मान खाली घालून कसली असेल. मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, घराला 1975च्या कायद्याचं संरक्षण आलं, तोवर त्याला कधी उठवतील याचा नेम नसे. हे सगळं एका 'गावची जमीन' या शब्दात कोंबलं की भांडण होणारच, कारण प्रत्येक जण वेगळ्याच जमिनीवर उभा राहून बोलत असतो.

ज्याच्या वाडवडिलांना जमिनीवर हक्कच नव्हता, त्याच्या हातात आज विकायचा हक्क आला. त्याला 'गावासाठी विकू नको' असं सांगणारा गाव कोणता? त्याच्या आजोबाला अंगणाच्या कडेला उभं ठेवणारा तोच का? हा प्रश्न वकिलाला ऐकवायला हवा. आणि उलट बाजूनं काकांनाही विचारता येईल असा प्रश्न आहे: डोंगर कापला, खालच्या वाड्यावरच्या विहिरी आटल्या, तर शेजाऱ्यांनी 'माझी जमीन, माझी मर्जी' एवढं ऐकून घरी जायचं का?

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञानं 1859मध्ये मांडलं की दुसऱ्याचं नुकसान होत नाही तोवर माणसाच्या वागण्यात समाजानं जबरदस्तीनं ढवळाढवळ करू नये. तुमची कॉलेजची मुलं हे वाक्य पाठ म्हणून दाखवतील. त्यांना तिथेच थांबू देऊ नका. नुकसान म्हणजे काय, हे आधी ठरवायला लावा. आटलेली विहीर दाखवता येते. बंद झालेली पाणंद दाखवता येते. पण गावच्या पसऱ्यावर, म्हणजे दुकानावर, उभं राहिल्यावर आपली भाषा कानावर पडेनाशी झाली, जत्रेला पालखीला खांदा द्यायला माणसं कमी पडू लागली, हे नुकसान धरायचं की नाही? धरलं तर त्याच्यासाठी कुणाचा विकायचा हक्क रोखता येईल? आणि धरलं नाही तर गाव म्हणजे सर्व्हे नंबरांची यादी एवढंच उरतं का? माझं स्वतःचं मत असं की हे नुकसान खरं आहे, पण ते एकट्या विकणाऱ्याच्या डोक्यावर ठेवणं अन्याय आहे. त्या व्यवहारात घेणारा होता, दलाल होता, झोन बदलून देणारं खातं होतं, आणि 'आता आपल्याही जागेचा भाव वाढेल' म्हणून मनातल्या मनात सुखावलेले शेजारी होते. त्यांतलं कुणी उठून पावसात गेलं नाही.

म्हणून हाच विषय पुन्हा घ्या, लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी. या वेळी प्रश्न असा ठेवा: जमीन विकताना विकणारा गावाचं काय देणं लागतो, आणि गाव विकणाऱ्याचं काय देणं लागतं? दुसऱ्या अर्ध्या भागावर काकांकडे बोलण्यासारखं इतर कुणाहीपेक्षा जास्त असेल.

आता गुरुजी. त्यांच्यावर रागावू नका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली असतील, म्हणजे 1967च्या ओपिनियन पोलच्या वेळी ते शाळेत जाणारे असावेत. 16 जानेवारीला मतदान झालं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं तर दोन पानं. दोन पानं जिंकली, फरक 34,021 मतांचा. आकडे पुस्तकात मिळतात, घरात काय झालं ते मिळत नाही. माझ्या आजोळी दोन मामा, एक फुलाचा, एक दोन पानांचा. धाकट्या मामीनं दारात फुलाची रांगोळी काढली आणि थोरल्या मामानं ती बादलीभर पाण्यानं धुऊन टाकली. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात दोन चुली पेटत होत्या. मी लहान होते, मला फक्त एवढं कळलं की आता एकीकडे जेवलं की दुसरीकडे सांगायचं नाही. गुरुजींच्या लहानपणातही असं काही असेल. त्यानंतर राजभाषा कोकणी की मराठी यावरून भाषेचं आंदोलन, 1987चा राजभाषा कायदा. ज्यांनी हे दोनदा पाहिलं ते 'राजकारण नको' म्हणतात त्यात त्यांना घर मोडलेलं दिसत असतं. हे मुलांना समजावून सांगायचं काम तुमचं.

पण त्यांचा उपाय मी करून पाहिला आहे, तो चालत नाही. भाषेच्या आंदोलनानंतर एक-दोन वर्षांनी बार्देशात आम्हीही असेच काही जण जमायचो, एका घराच्या बल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत. सगळे भाजलेले होतो, म्हणून पहिल्याच दिवशी नियम केला: भाषा नको, पक्ष नको, गावची प्रकरणं नकोत. कर्तव्य म्हणजे काय, आत्मा आहे की नाही, सुख कशात, असं वर्षभर बोललो. कधी आवाज चढला नाही. मग एके दिवशी आमच्यातल्या एका बाईनं विचारलं, "वडील गेल्यावर कायद्यानं मला भावाएवढा वाटा आहे. भाऊ म्हणतो, सही कर आणि हक्क सोड, सगळ्या बहिणी करतात. मी नाही केली तर मी वाईट का?" तुम्हाला ठाऊकच असेल, पोर्तुगीज काळातला 1867चा दिवाणी कायदा आपल्याकडे 1870पासून लागू झाला, त्यात मुलगा-मुलगी असा भेद वाटणीत नव्हता, आणि निम्मी मालमत्ता तर मृत्युपत्र करूनही मुलांपासून तोडता येत नसे. कायदा बहिणीच्या बाजूचा होता आणि रीत सही करण्याची. स्वातंत्र्य, कुटुंब, न्याय, सगळं त्या एका प्रश्नात होतं. आणि आमच्यातले एक वडीलधारे म्हणाले, "हा घरगुती विषय आहे, आपल्या नियमात बसत नाही." मी तिथे होते. मला उत्तर द्यायचं होतं, मी दिलं नाही. ती बाई पुढच्या वेळी आली नाही. पावसाळा संपेपर्यंत आमचं जमणंही संपलं. भांडण काहीच झालं नाही. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

म्हणून तुमच्या काकांचं वाचून माझा जीव कळवळला. तिथे विषय घेतल्यामुळे माणूस उठून गेला, आमच्याकडे विषय न घेतल्यामुळे. दोन्ही वेळा बाकीचे गप्प बसले होते.

गुरुजींना आणखी एक आठवण द्या. 1946च्या जून महिन्यात डॉ. राममनोहर लोहिया असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी विश्रांतीसाठी आले होते. माणसं भेटायला येऊ लागली, बोलणी होऊ लागली आणि त्यांतून प्रश्न उभा राहिला तो अगदी साधा: चार माणसांसमोर उभं राहून बोलायला सरकारची परवानगी का लागावी? पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत सभेला परवानगी, छापायला सेन्सॉर. लग्नाची पत्रिकासुद्धा आधी सेन्सॉरला दाखवावी लागे, असं जुनी माणसं सांगत. 18 जूनला मडगावात पाऊस असताना परवानगीशिवाय सभा झाली आणि दोघांनाही पकडलं. त्याच वर्षी स्वातंत्र्य चळवळीतले त्रिस्ताव द ब्रागांझ कुन्य यांना अटक झाली, लष्करी न्यायालयानं आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालात पेनीशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. आपल्या गोव्यात राजकीय स्वातंत्र्याची लढाई निदान त्या दिवशी याच गोष्टीसाठी होती की रविवारी संध्याकाळी बारा-चौदा माणसांनी एकत्र बसावं आणि वाटेल ते बोलावं. तुमची बैठक म्हणजे ती गोष्ट आहे. तिच्यातून राजकारण काढणार कसं?

आणि शुद्ध तत्त्वज्ञान हवंच असेल तर गुरुजींना एक बैठक त्यांची म्हणून द्या, आणि बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांच्यावर बोलायला सांगा. सांखवाळचा हा माणूस ज्ञानासाठी 1899मध्ये घर सोडून निघाला. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं ही कथा कोसंबींना पटत नसे. अत्तदंड सुत्त या जुन्या बौद्ध सूत्राच्या आधारानं त्यांनी दाखवलं की माणसं एकमेकांवर शस्त्र उचलताना पाहून सिद्धार्थाला वैराग्य आलं. कमी पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी ही माणसं एकमेकांच्या अंगावर जातात, असं त्या सुत्तात आहे. म्हादई नदीच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटकात वाद पेटलेला असताना हे गोव्यात वाचलं तर अंगावर काटा येतो. गुरुजी हे मन लावून तयार करतील याची मला खात्री आहे, आणि तयार करताना त्यांना स्वतःलाच दिसेल की सगळ्यांत शुद्ध वाटणारं तत्त्वज्ञान कुठल्या भांडणातून उगवलं.

आता बैठक चालवायची कशी. तुमच्या पत्रात वकिलाचं एकच वाक्य आहे, पण त्यावरून मला तो ओळखीचा वाटतो. हुशार असणार, मनापासून बोलत असणार, आणि बोलताना जिंकायला बघत असणार. आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या जुन्या शास्त्रात, यासाठी नेमके शब्द आहेत. सत्य कळावं म्हणून बोलणं तो वाद. जिंकण्यासाठी बोलणं तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता नुसतं समोरच्याचं पाडत बसणं ती वितंडा. आपण रोजच्या बोलण्यात वाद म्हणजे भांडण म्हणतो, आणि मूळ शब्द किती चांगला होता ते विसरतो. तुम्ही शिक्षिका आहात, हे तीन शब्द फळ्यावर लिहा आणि तीन बैठका तसेच राहू द्या.

पण शब्द लिहून स्वभाव बदलत नाही, त्याला सवय लावावी लागते. जुन्या ग्रंथांत आधी पूर्वपक्ष येतो, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, तेही त्याच्या उत्तम रूपात, आणि मगच उत्तरपक्ष. हीच रीत आणा. कुणालाही कुणाचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते आपल्या शब्दांत सांगायचं आणि त्या माणसाकडे बघून विचारायचं, "असंच ना तुमचं म्हणणं?" तो "होय" म्हणेल तेव्हाच पुढे बोलायचं. तो "नाही, तसं नव्हे" म्हणाला तर पुन्हा प्रयत्न करायचा. पहिल्या दोन बैठका यात कंटाळा येईल, वेळ जाईल, मुलं हसतील. चालू द्या. कल्पना करा, वकिलाला आधी म्हणावं लागलं असतं, "काका, तुमचं म्हणणं असं की..." त्याला काकांना काहीतरी विचारावंच लागलं असतं. काकांना तोंड उघडावं लागलं असतं. 'गुन्हेगार' हा शब्द तिथपर्यंत पोहोचलाच नसता.

दुसरी गोष्ट गावकरीतून, म्हणजे कोमुनिदादीच्या जुन्या रूपातून, घ्या. जुन्या गावकरीत ठराव एकमतानं व्हायचा आणि एकट्या गावकारानं, म्हणजे गावकरीच्या एका सभासदानं, 'नकारो' दिला तरी तो अडायचा, अशी वहिवाट होती. या गावकरीच्या रीतीभाती पोर्तुगिजांनी 1526मध्ये फोराल नावाच्या सनदेत लिहून घेतल्या. मला हे दोन कारणांनी महत्त्वाचं वाटतं. एकट्याच्या 'नाही'ला किंमत होती, हे पहिलं. आणि दुसरं, ते 'नाही' म्हणायला कोण बसू शकत होतं? गावकार पुरुष. बायका नाहीत, राबणारे नाहीत, नंतर गावात आलेले नाहीत. एकमत सोपं जाण्याचं ते एक मोठं कारण होतं. तुम्हाला काही ठरवायचं नसतं, त्यामुळे एकमताची गरज नाही, हात वर करून मतही घेऊ नका. फक्त एक वही ठेवा आणि दर वेळी शेवटी तीत 'नकारो' लिहून ठेवा, म्हणजे आज कुणाला काय पटलं नाही आणि का. ज्याला पटलं नाही त्यानंच स्वतःच्या अक्षरात लिहायचं. तीन वर्षांत तशी वही झाली असती तर आज ती गावाचा ठेवा असती.

आणि आता चहा. तुम्ही सहज लिहून गेलात, "चहा-भजी आम्ही तिघी बघतो." माझी नजर तिथेच अडली. चार ते सहा बैठक, म्हणजे पाचच्या सुमाराला तुम्ही तिघी उठत असणार. स्टोव्ह, किटली, भजी तळायची, कप धुवायचे. अर्धा तास तरी गेला. म्हणजे समाज आणि स्वातंत्र्य या विषयांवर तीन वर्षं जे बोलणं झालं त्याचा पाव हिस्सा तुम्ही ऐकलाच नाही, आणि तो बहुधा चर्चा तापल्यानंतरचा हिस्सा. वकील ते वाक्य बोलला तेव्हा तुम्ही तिघी कुठे होतात? कळवाल का मला? पुढच्या वेळेपासून साडेतीनला चहा करा, सगळे आल्यावर पिऊन बसा, कप ज्याचे त्यानं विसळावेत. भजी नकोतच. उंडे पाव आणि केळी पुरे. एवढा बदल केलात तर पहिल्याच दिवशी बैठकीत आणखी तीन माणसं आल्यासारखं वाटेल.

भाषेचं फार ताणू नका. तुमच्या बैठकीत मराठी न कळणारा कुणी नाही आणि कोकणी न कळणाराही कुणी नाही. माणूस मनातलं बोलू लागला की घरच्या भाषेत येतो, त्याला मध्येच अडवून भाषा बदलायला लावली तर विचारही तुटतो. ज्यानं त्यानं आपल्या भाषेत बोलावं. गुरुजींना वहीची जबाबदारी द्या, ते आपली टिपणं मराठीत सुंदर लिहितील. कुणाला कोकणीत नकारो लिहायचा असेल तर त्यानं तो कोकणीत लिहावा.

बोलण्यावर काही मर्यादा हव्यात का? हव्यात. गावातल्या गैरहजर माणसाचं नाव घेऊन त्याचा न्याय करू नका. आमदाराच्या, सरपंचाच्या सार्वजनिक कामाबद्दल बेधडक बोला, तो तुमचा हक्क आहे. शेजाऱ्याच्या व्यवहाराबद्दल तो स्वतः विषय काढेल तेव्हाच. बैठकीत कोण काय बोललं ते व्हॉट्सॲपवर टाकायचं नाही, आणि हा नियम मोडला तर मात्र कडक व्हा. ग्रामसभा रविवारी असते, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांत. कधी तुमच्याच रविवारी आली तर बैठक रद्द करा आणि सगळे मिळून ग्रामसभेला जा. तिथे ठराव करायचा असतो, बाजू घ्यावी लागते, आवाज चढतो. पुढच्या महिन्यात तिथे काय झालं यावर शांतपणे बोला.

राहिलं तुमचं स्वतःचं मत. तीन वर्षं तुम्ही ते मांडलं नाही, आणि हे तुम्ही काहीशा अभिमानानं लिहिलंय असं मला वाटलं. निमंत्रकानं शेवटी बोलावं हे खरं, नाहीतर बाकीचे तुमचा कल बघून बोलतात. आधी जे सगळ्यांत कमी बोलतात त्यांना विचारा, वकिलाला आठव्या-नवव्या क्रमांकावर ठेवा, आणि मग स्वतः बोला. पूर्ण बोला. मुळीच न बोलणारी निमंत्रक हळूहळू घड्याळ बघणारी होते. जुलैत काका उठले तेव्हा तुम्हाला बोलण्याची सवय असती तर तुम्ही नुसतं "थांबा" म्हणाला असतात. तेवढं पुरलं असतं.

वकिलाशीही बोलायचं आहे, पण काकांकडे जाऊन आल्यावर. त्याला सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका. ते दुसरं न्यायालय होईल, फक्त आरोपी बदलेल. त्याला बाजूला घेऊन एवढं विचारा, तुला काकांनी जमीन विकल्याचं माहीत होतं ना? मग तो काय म्हणतो ते ऐका. कदाचित त्याचं दुःखही खरं निघेल. वाड्यावर खेळायची जागा गेली असेल, लग्न करून वेगळं घर बांधायचं म्हटलं तर आज त्याच्यासारख्याला गावात जागा परवडत नसेल. हे त्यानं काकांना सांगायला हवं होतं, 'गुन्हेगार' न म्हणता. मागाहून तो स्वतः काकांच्या दारी गेला तर उत्तम. तुम्ही पाठवू नका.

काका परत येतील की नाही हे मला सांगता येणार नाही. नाही आले तरी पुढच्या रविवारी सहा जणांना घेऊन बसा. सुरुवातीलाच सांगा की जुलैत आपल्याकडून काय झालं आणि माझा त्यात वाटा काय होता. काकांनी घरी जे सांगितलं असेल त्यातला शब्दही तिथे काढू नका. मग विषय घ्या: 'आपल्यातला एखादा माणूस गप्प का होतो?' प्रत्येकानं दुसऱ्याचं उदाहरण न देता आपल्या आयुष्यातलं एक सांगायचं, कधी गप्प बसलो आणि का. गुरुजींपासून सुरू करा.